क्रौर्य खरे, पण सांगणारे कोण?

गेल्या ऑक्टोबरात, कोलंबस डेच्या सुमारास, आमच्या कन्येने शाळेसाठी लिहिलेला निबंध जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. सारांश असा की स्पॅनिश लोक सोन्यासाठी आले आणि क्रूर होते, इंग्रज मात्र घरे वसवायला आले. शेजारच्या मेक्सिकन कुटुंबातला तिचा वर्गमित्र तेव्हा आमच्याकडेच पोहे खात होता. तो काही बोलला नाही. बशी तशीच ठेवून घरी गेला. आम्हा दोघांनाही ते लागले. रविवारी मुलीला घेऊन ग्रंथालय गाठले.

क्रौर्य खोटे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 'एन्कोमिएन्दा' पद्धतीत गोऱ्या वसाहतवाल्यांना चक्क माणसेच वाटून दिली जात, वेठ आणि कर वसूल करायला. पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी १५७३ पासून दरवर्षी सुमारे १३,००० माणसे सक्तीने नेली जात. देवीच्या साथीने याहून कितीतरी अधिक लोक मेले, हेही खरे. पण वेठीने पिचलेल्या माणसाला रोग लवकर गाठतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

गंमत अशी की हे सारे जगाला सांगितले ते एका स्पॅनिश माणसानेच. बार्तोलोमे दे लास कासास १५०२ मध्ये तिकडे गेला. त्याच्याही वाट्याला अशी माणसे आली होती. १५१४ मध्ये त्याने ती सोडली, पाद्री तर तो आधीपासूनच होता, आणि उरलेले आयुष्य राजदरबारी भांडण्यात घालवले. (या लोकांऐवजी आफ्रिकेतले गुलाम आणा, असेही तो एकदा म्हणून बसला, पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.) १५४२ चे नवे कायदे बऱ्याच अंशी त्याच्या खटपटीचे फळ. ते लागू करायला गेलेल्या पेरूच्या व्हाइसरॉयला तिथल्या वसाहतवाल्यांनी १५४६ मध्ये ठारच केले!

लास कासासचे छोटे पुस्तक १५५२ मध्ये सेव्हिलला छापले गेले आणि स्पेनच्या शत्रूंना घबाड मिळाले. १५७८ मध्ये डच भाषांतर, १५८३ मध्ये इंग्रजी. १५९८ च्या आवृत्तीत थिओडोर द ब्री याने अंगावर काटा आणणारी चित्रे घातली, जी अजून पाठ्यपुस्तकांत दिसतात. हा गृहस्थ अमेरिकेला कधी गेलाच नव्हता. १६५६ चे इंग्रजी भाषांतर अर्पण केले कुणाला? क्रॉमवेलला, ज्याच्या सैन्याने १६४९ मध्ये आयर्लंडात ड्रोएडा येथे कत्तल केली होती. आणि कनेटिकटमध्ये इंग्रजांनी १६३७ मध्ये पीक्वॉट लोकांचे मिस्टिक हे गाव बायकापोरांसकट जाळले. इंग्रजांचे राज्य भोगलेल्या आपल्यासारख्यांनी तरी त्यांचे शिफारसपत्र डोळे मिटून घेऊ नये. स्पेनच्या या बदनामीला 'काळी दंतकथा' हे नाव रूढ झाले ते १९१४ मध्ये, हुलिआन हुदेरिआस यांच्या पुस्तकामुळे.

आणखी एक गोष्ट आम्हालाही नवी होती. १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे होता, म्हणजे त्या साठ वर्षांत गोवा, वसई आणि चौल यांचा धनीही तोच!

कन्येचा दोन पानी निबंध चार पानांचा झाला. शाळेत देण्याआधी ती तो शेजारी वाचून दाखवायला गेली, आम्ही मागोमाग डबाभर पोहे घेऊन. मुलाची आजी मूळची चियापासची. लास कासासचे नाव ऐकताच त्या हसल्या. म्हणाल्या, ते आमचे बिशप होते, आमच्या गावाला त्यांचेच नाव आहे.