गल्ला भरला म्हणजे मूल शिकलं?

मातीचा गल्ला जड झाला की घरात कौतुक सुरू होतं : 'आमची पोरगी एक रुपया उडवत नाही हो!' पण वर्षभरात एकही वस्तू तिने स्वतः पारखून घेतली नसेल, तर पैशांचं तिला काय कळलं? साठवणं चांगलंच. तरी खाऊचे पैसे मुळात खर्च करायला शिकण्यासाठी असतात, असं मला ठामपणे वाटतं.

'मुलांना धीर कुठला? हातात आले की उडवणार.' हा सगळ्यांत पक्का गैरसमज. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांना आधी सांगितलं, 'थांबा, याहून छान चित्रकलेचं सामान आणते.' निम्म्यांना ते मिळालं, निम्म्यांना नाही. मग प्रत्येकासमोर एक मार्शमेलो ठेवला. न खाता थांबलं तर दुसरा मिळणार होता. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली जेमतेम ३. आता आपल्या घरात बघा. दिवाळीला मामाने हातावर ठेवलेली नोट 'दे, मी ठेवते' म्हणून आपण घेतो आणि ती किराण्यात जाते. शनिवारचे वीस रुपये 'पुढच्या आठवड्यात बघू' होतात. अशा घरात हाती आलेला पैसा लगेच उडवणं मुलाच्या दृष्टीने शहाणपणाचंच ठरतं.

दुसरा समज : चुकीची वस्तू घेत असेल तर मोठ्यांनी अडवावं. माझ्या सात वर्षांच्या भाच्याने जत्रेत पन्नासातले चाळीस रुपये देऊन दिव्यांची भिंगरी घेतली. घरी पोचेपर्यंत तिचं पातं निखळलं. तो हमसून हमसून रडला. वहिनीने त्याला जवळ घेतलं, पण नवी भिंगरी दिली नाही आणि 'तरी सांगत होते' असंही म्हटलं नाही. पुढच्या जत्रेत पठ्ठ्या तीन दुकानं फिरला, प्रत्येक ठिकाणी भिंगरी चालवून बघितली आणि विचारलं, 'काका, तुटली तर बदलून द्याल?' चाळीस रुपयांत एवढं शिकवणारा क्लास मला ठाऊक नाही.

ताट उचललं की पाच रुपये, असा घरकामाचा दर लावू नये. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना बक्षिसाचं आमिष दाखवल्यावर पुढे त्यांनी आपणहून कमी वेळ चित्रं काढली, हे १९७३ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं.

बँक खात्यासाठी अठरा वर्षं लागतात, हेही खरं नाही. १० वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खातं उघडून चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना दिली. मर्यादा बँक ठरवते.

त्याआधीही पुष्कळ करता येतं. मुलाला थंड पेयाची बाटली आणायला पाठवाल तेव्हा तिच्यावरची छापील किंमत त्यालाच वाचू द्या. तीत सगळे कर धरलेले असतात. दुकानदाराला कमी घेता येतात, जास्त नाही. 'गार केल्याचे दोन रुपये' मागितले तर नाही म्हणायचा हक्क आठ वर्षांच्या गिऱ्हाइकालाही आहे.