ऑक्सफर्डची बुरशी

पावसाळ्यांत शिळ्या भाकरीवर हिरवट बुरशी दिसली कीं आपल्या घरांतील गृहिणी ती भाकरी उचलून बाहेर टाकते, आणि तें योग्यच आहे. परंतु अशाच एका बुरशीपासून पेनिसिलिन कसें निघालें, ही हकीकत पुष्कळांनीं अर्धीच ऐकलेली असते. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या कांचेच्या बशींत बुरशी उगवली व तिच्याभोंवतालचे जंतु नाहींसे झाले, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. फ्लेमिंग यांनीं १९२९ सालीं हें निरीक्षण प्रसिद्धहि केलें. पण तो रस टिकेना, शुद्ध होईना. आणि पुढें दहा वर्षें त्याचें औषध असें झालें नाहीं. तें झालें ऑक्सफर्ड विद्यापीठांत, आणि तीच हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

तेथील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक हॉवर्ड फ्लोरी हे मूळचे ऑस्ट्रेलियन. त्यांचे सहकारी अर्न्स्ट चेन हे ज्यू रसायनज्ञ, हिटलरच्या जर्मनींतून १९३३ सालीं बाहेर पडलेले. फ्लेमिंग यांचा जुना निबंध चेन यांच्या वाचनांत आला, आणि त्यांनीं काम आरंभिलें तें औषधासाठीं नव्हे, तर केवळ शास्त्रीय जिज्ञासेनें! १९३९ सालीं युद्ध पेटलें. सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळानें दिले अवघे २५ पौंड. खरा आधार मिळाला तो अमेरिकेंतील रॉकफेलर फाउंडेशनचा.

तिसरे गृहस्थ नॉर्मन हीटली. यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं, म्हणून आम्ही तें मुद्दाम घेत आहों. गाळलेला रस थंड ठेवून आम्लयुक्त केला म्हणजे पेनिसिलिन ईथरमध्यें उतरत असे. पण तेथून तें परत हातीं कसें यावें? किंचित् अल्कधर्मी पाणी मिसळावें म्हणजे तें पुनः पाण्यांत येईल, ही साधी युक्ति हीटली यांची. बुरशी वाढविण्यास उथळ भांडीं हवींत, आणि युद्धकाळांत तीं मिळत नव्हतीं. तेव्हां त्यांनीं बिस्किटांचे डबे वापरले, आणि रुग्णालयांतील रोग्यांचीं मलपात्रें सुद्धां! सोंवळें-ओंवळें कडकपणें पाळणाऱ्या आमच्या आजीबाईंनीं हें ऐकून काय म्हटलें असतें, याची कल्पना न केलेलीच बरी. पुढें त्याच आकाराचीं मातीचीं भांडीं हीटली यांनीं कुंभारकामाच्या कारखान्यांतून घडवून आणविलीं, आणि देखरेखीस सहा तरुण मुली नेमल्या गेल्या.

२५ मे १९४० रोजीं आठ उंदरांस प्राणघातक जंतु टोंचण्यांत आले. चौघांस पेनिसिलिन दिलें, चौघांस नाहीं. हीटली रात्रभर जागत बसले. पहांटेपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते. औषध मिळालेले चारही जिवंत होते. त्याच सुमारास डंकर्कहून इंग्रज फौजेची माघार सुरू झाली. शत्रु इंग्लंडांत उतरला तर बुरशी नष्ट होऊं नये म्हणून या मंडळींनीं तिचे बीजाणु आपल्या कोटांच्या अस्तरांस चोळून ठेवले.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजीं अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलीस शिपायास पहिली सुई दिली. त्याचें सर्वांग गळवांनीं भरलें होतें, एक डोळा काढावा लागला होता. एका दिवसांत उतार पडूं लागला, ताप गेला, तो जेवूं लागला. परंतु औषध इतकें थोडें कीं त्याच्या मूत्रांतून तें पुनः काढून त्यालाच देत असत! पांच दिवसांत तेंहि संपलें. दुखणें उलटलें, आणि १५ मार्च रोजीं तो वारला. यानंतर थोड्या औषधांत भागावें म्हणून रोगी निवडले ते बहुतेक लहान मुलगे व मुली. त्या शिपायाच्या बाबतींत औषध अपुरें पडलें तें नाइलाजानें. आपल्या घरीं तें अपुरें पडतें तें ‘आतां बरें वाटतें’ म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळांत ठेवल्यामुळें. अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधास दाद देईनासे होतात, हा इशारा फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता.

आतां मक्त्याची गोष्ट. पेनिसिलिनचें पेटंट घ्यावें, असें चेन यांचें म्हणणें होतें. सर हेन्री डेल व सर एडवर्ड मेलनबी या वजनदार मंडळींस तें अनीतीचें वाटलें. विद्येचें मोल घेऊं नये, हें मत आपल्याकडील जुन्या शास्त्रीमंडळींसहि पटलें असतें. पण १९४१ सालीं फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले, तेथें पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेंत उत्पादन वाढविण्याच्या रीति निघाल्या, त्यांचीं पेटंटें झालीं, आणि युद्धानंतर इंग्रज कारखानदारांस त्यांबद्दल पैसे मोजावे लागले. चेन यांचें म्हणणें लोभाचें नव्हतें, असें आम्हांस वाटतें. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना निघाला तो सरकारी मालकीचा, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें.

१९४५ सालचें नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांस मिळालें. हीटली यांस ऑक्सफर्डनें १९९० सालीं वैद्यकाची सन्माननीय डॉक्टर पदवी दिली. विद्यापीठाच्या आठशें वर्षांत वैद्य नसलेल्या माणसास ती मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग.