पेनड्राइव्हला कुलूप



भारतात जायची बॅग भरताना आतल्या कप्प्यात एक पेनड्राइव्ह जातोच. सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती, ओसीआय कार्ड, पॅन, आईबाबांच्या घराची कागदपत्रं, सगळं त्यात. दागिने आपण लॉकरमध्ये ठेवतो आणि ही माहिती मात्र खिशात उघडी घेऊन फिरतो. तो टॅक्सीत पडला, तर ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं वाचता येईल.

इथे ब्रिटनमध्ये २००७ साली महसूल खात्याच्या दोन डिस्क वाटेत गहाळ झाल्या. चाइल्ड बेनिफिट घेणाऱ्या कुटुंबांतल्या सुमारे अडीच कोटी लोकांची माहिती त्यांत होती. डिस्कना पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हतं.

दोन्हींत फरक काय? नुसता पासवर्ड म्हणजे दाराला कडी. कडी काढली की आतलं सामान जसंच्या तसं. एन्क्रिप्शनमध्ये मजकूरच बदलून जातो. किल्लीशिवाय हाती लागतात ती निरर्थक चिन्हं. फाइल नुसती लपवून किंवा डिलीट करून हे साधत नाही. डिलीट केलेली फाइल बऱ्याचदा परत मिळवता येते.

मग करायचं काय? आधी सगळ्या फाइलींची प्रत घरी काढून ठेवा. विंडोज प्रो असेल, तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून बिटलॉकर सुरू करा. विंडोज होमवर असा ड्राइव्ह उघडता येतो, पण नव्याने कुलूप लावता येत नाही. मॅकवर डिस्क युटिलिटीत एपीएफएस एन्क्रिप्टेड हा फॉरमॅट निवडा. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, आणि तो ड्राइव्ह विंडोजवर सहज उघडत नाही. इथे मॅक आणि पुण्याला बाबांकडे विंडोज, असं असेल तर व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर बरं. मात्र ते दोन्हीकडे हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की देतो. ती छापून घरच्या फाइलमध्ये ठेवा, पेनड्राइव्हच्या बॅगेत नको. पासवर्डही गेला आणि हीसुद्धा गेली, तर तुमची कागदपत्रं तुम्हालाच कायमची बंद. म्हणून घरातल्या आणखी एका माणसाला ती कुठे आहे हे सांगून ठेवा.

आणि झेरॉक्सच्या दुकानात हा ड्राइव्ह देऊ नका. एकदा उघडला, की त्या कॉम्प्युटरला सगळंच दिसतं. छापायची तेवढी एकच फाइल वेगळ्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर न्या.

अर्ध्या तासाचं काम आहे, मंडळी. तिकिटं काढलीत ना? मग या शनिवारी तेवढं उरकून टाका. भेटू पुढच्या भागात!