पासपोर्टमध्ये नसलेली तारीख

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर बहुधा दहा वर्षांनंतरची तारीख छापलेली असते. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघालेल्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांना साहजिकच तीच आपली मुदत वाटते. प्रत्यक्षात त्या तारखेपर्यंत अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागता येतो, इतकंच. आत किती दिवस राहायचं हे उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद ‘आय-९४’ नावाच्या वेगळ्याच दस्तऐवजात होते. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिने मिळतात. कायदेशीर वास्तव्य संपतं ते आय-९४ वरच्या तारखेला. व्हिसावरच्या नाही आणि परतीच्या तिकिटावरच्याही नाही. उलट, मुक्काम चालू असताना व्हिसाची मुदत संपली, पण आय-९४ ची उरली असेल, तर काळजीचं कारण नाही.

या दोन तारखांमागे कारण आहे. व्हिसा देतं परराष्ट्र खातं, आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतून. प्रवेश देतं अंतर्गत सुरक्षा खातं, आणि तेही कदाचित सात-आठ वर्षांनी, समोर उभ्या असलेल्या माणसाची चौकशी करून. हा अधिकार त्या अधिकाऱ्याकडे असण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याने ठरवलेली तारीख कुठे ठेवली जाते याबद्दल. २०१३ पर्यंत विमानाने येणाऱ्यांच्या पासपोर्टला आय-९४ चं पांढरं कार्ड टाचलेलं असे आणि त्यावर तारीख स्पष्ट दिसे. त्या वर्षी कार्ड गेलं आणि नोंद संगणकात ठेवली जाऊ लागली. पुढे अनेक ठिकाणी पासपोर्टवर शिक्का मारणंही बंद होत गेलं. म्हणजे आज पासपोर्ट उघडला की ठळक दिसते ती बिनकामाची तारीख, आणि जिच्यावर सगळं अवलंबून आहे ती तिथे नसतेच. एखादी तारीख चुकल्याची शिक्षा कडक असेल, तर ती तारीख पाहुण्याच्या हातात ठेवण्याची जबाबदारी सरकारने घ्यायला हवी.

आणि शिक्षा कडकच आहे. इमिग्रेशन कायद्यातल्या १९९६ च्या सुधारणांनंतर मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिलं, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो, मग त्याची नऊ वर्षं शिल्लक का असेनात. नवा व्हिसा सर्वसाधारणपणे मायदेशी परतूनच मागावा लागतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या वर गेलं, तर देश सोडल्यावर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं, तर दहा वर्षं. सत्तरीतल्या आजीला दहा वर्षांची बंदी म्हणजे नातवंडांचं सगळं लहानपण हातचं जाणं. इथे हेतू विचारला जात नाही. लपून नोकरी करणारा आणि तारीख न कळलेली आजी, दोघांचे दिवस एकाच हिशेबाने मोजले जातात.

यावर कुणी म्हणेल, सहा महिने मोजायला कोणाची मदत लागते? पण सहा महिन्यांची खात्री नसते. अधिकारी कमी मुदत देऊ शकतो. पासपोर्टच लवकर संपणार असेल, तर मुदत त्या तारखेपाशी थांबवली जाण्याची शक्यता असते. नायगारा पाहताना कॅनडात जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात, ही समजूत आपल्या लोकांत पक्की आहे. अशा छोट्या फेरीनंतर बहुधा जुनीच तारीख कायम राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नोंद संकेतस्थळावर फुकट पाहता येते, मग लपवलं काय? लपवलेलं काहीच नाही. पण अशी नोंद असते हे ठाऊक असलेलाच ती शोधतो, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठीच तर सूचना हवी. २०२० च्या मार्चअखेरीस भारताची आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली, तेव्हा अमेरिकेत अडकलेल्या पालकांना आपोआप मुदतवाढ मिळाली नाही. आय-९४ ची तारीख उलटायच्या आत अर्ज करायचा होता, म्हणजे आधी ती तारीख माहीत हवी होती.

हे बदलणं अवघडही नाही. शेंगेन व्हिसावर किती दिवस राहता येईल तो आकडा छापलेला असतो. भारताच्या पर्यटक व्हिसावरही एका फेरीत सलग किती दिवस राहता येईल, हे लिहिलेलं आढळतं. अमेरिकेत तारीख विमानतळावर ठरते, म्हणून ती व्हिसावर आधी छापता येणार नाही, हे मान्य. पण ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा न घेता ९० दिवसांसाठी येता येतं, त्यांना मुदत संपत आल्याची आठवण देणारा ईमेल पाठवण्याची सोय अंतर्गत सुरक्षा खात्यानेच २०१८ मध्ये केली. बी-२ च्या अर्जातही ईमेल आणि फोन नंबर भरून घेतात. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी एक संदेश पाठवायला नवा कायदा लागू नये. अशा आठवणीने मुद्दाम राहणाऱ्यांचं फावेल, ही भीतीही टिकत नाही. ज्याला राहायचंच आहे तो तारीख विचारत बसत नाही.

तोवर हे काम मुलांनी आईवडील घरी पोहोचतील त्याच दिवशी करावं: आय-९४ च्या संकेतस्थळावर पासपोर्टवर आहे तसंच नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर टाकून आय-९४ काढायचा, छापायचा, तारीख वाचायची. जास्त राहायचं असेल, तर आय-५३९ हा अर्ज त्या तारखेपूर्वी, शक्यतो ४५ दिवस आधी द्यायचा. वेळेत दिलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे दिवस सर्वसाधारणपणे बेकायदा वास्तव्यात धरले जात नाहीत. नोंदीतच चूक दिसली, तर ती दुरुस्त करण्यासाठी सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाची ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयं मोठ्या विमानतळांवर आणि काही शहरांत आहेत. तिथे जाताना पासपोर्ट आणि बोर्डिंग पास सोबत असू द्यावेत.