पहिला ठोसा मारण्याआधी

किकबॉक्सिंगच्या पहिल्या वर्गाला जाताना अनेकांना धास्ती वाटते ती मार खाण्याची. फिटनेसच्या वर्गात बहुतेक वेळा समोर माणूस नसतोच, लटकती बॅग असते. दुखापत होते ती स्वतःच्याच हाताला.

पंजा आणि मनगट मिळून एका हातात 27 हाडे असतात. ठोसा करंगळीच्या बाजूने बसला, तर तिच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड मोडू शकते. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. म्हणून ग्लोव्हजच्या आत साधारण साडेचार मीटर लांब कापडी पट्टी गुंडाळतात. ती मनगट आणि बोटांचे सांधे आवळून धरते. नवख्याला ती बांधायला वेळ लागतो, तेव्हा पंधरा मिनिटे आधी पोहोचा. मूठ वळताना अंगठा बाहेर, मनगट सरळ, आणि मार तर्जनी व मधल्या बोटाच्या सांध्यांवर. ग्लोव्हज उसने चालतील, पट्टी स्वतःची घ्या. दुसऱ्याच्या घामाचा वास एकदा घेतला की कारण विचारावे लागत नाही!

लाथ मारताना टेकलेल्या पायाचा चवडा फिरू द्या, नाहीतर पीळ गुडघ्यावर पडतो.

जेवण दोन-तीन तास आधी उरका. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर लगेच थांबा आणि प्रशिक्षकाला सांगा.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकेल. ते काही दिवसांत ओसरते. लघवी मात्र काळ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले प्रथिन मूत्रपिंडात उतरत असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.