दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर वाढले, वेळ घटला!

मुलगा-सून कॅलिफोर्नियात असलेल्या घरांत हा प्रवास सगळ्यांना पाठ असतो. तरी त्याबद्दलचे काही समज मात्र पक्के चुकीचे असतात.

गैरसमज : अमेरिका पश्चिमेला, म्हणून विमानाची जवळची वाट युरोपवरूनच.
वस्तुस्थिती : भिंतीवरच्या सपाट नकाशाने करून दिलेला हा समज. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. दिल्लीहून तो जवळजवळ उत्तरेलाच निघतो, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर 75 अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि मग सॅन फ्रान्सिस्कोकडे उतरतो. हे अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरते.

गैरसमज : मग विमान तेवढेच अंतर कापते.
वस्तुस्थिती : हे कमीत कमी अंतर झाले. प्रत्यक्ष वाट वारे, हवामान, आणीबाणीत उतरण्याजोगे विमानतळ आणि कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे, यांवर ठरते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली.

गैरसमज : अंतर कमी तर वेळही कमी.
वस्तुस्थिती : ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने याच मार्गावर अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेले. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 किलोमीटर झाले, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळपास दोन तास लवकर पोहोचले. ही करामत जेट प्रवाहांची. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचे हे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतात.

गैरसमज : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे मुक्काम आपसूक सरकत येतो.
वस्तुस्थिती : जमिनीबरोबर वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. तसे नसते, तर हेलिकॉप्टर नुसते वर तरंगत ठेवून खालून गावे सरकताना बघता आली असती. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाशी संबंध आहे, पण तो वाऱ्यांमार्फत: जेट प्रवाहांना दिशा मिळते ती या फिरण्यामुळेच.

गैरसमज : तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ.
वस्तुस्थिती : दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. समजा, उन्हाळ्यात पहाटे चारला दिल्लीहून निघालेले विमान तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरले. वजाबाकी साडेतीन तासांची, प्रवास सोळा तासांचा! येताना उलटे: सकाळी दहाला निघून सोळा तास उडालात, तर दिल्लीत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे अडीच वाजलेले असतात. घ्यायला येणाऱ्यांना वेळेबरोबर तारीखही कळवावी.