आजी कुठे जन्मली? — एका वेगळ्या व्हिसाची गोष्ट

फायनल इयरला आलं की कट्ट्यावर विषय दोनच उरतात. एक कॅम्पस, दुसरा 'बाहेर'. बाहेर जायचे रस्ते सगळ्यांना तोंडपाठ असतात: जीआरई द्या, आयईएलटीएस द्या, अ‍ॅडमिशन मिळवा, लोन काढा, स्टुडंट व्हिसा घ्या, मग नोकरी शोधा. या प्रत्येक रस्त्यावर आपले मार्क, आपला स्कोअर आणि वडिलांचं बँक बॅलन्स तपासलं जातं. पण ब्रिटनचा एक व्हिसा असा आहे की तो आपला सीजीपीए विचारत नाही. तो विचारतो, 'तुमची आजी किंवा आजोबा कुठे जन्मले?'

याचं नाव यूके अ‍ॅन्सेस्ट्री व्हिसा. हा आपल्यापैकी फार थोड्यांना लागू पडेल, हे आधीच सांगून टाकतो. तरी तो समजून घेण्यासारखा आहे. एक तर ज्याला लागू पडतो त्याला बऱ्याचदा ते माहीतच नसतं. दुसरं म्हणजे या एका नियमात कायदा, इतिहास आणि आपल्या घरातली कागदांची पिशवी असे तिन्ही विषय एकत्र येतात.

नियम काय म्हणतो?

अर्जदार राष्ट्रकुल देशाचा नागरिक हवा, वय किमान १७ हवं, आणि त्याच्या चार आजी-आजोबांपैकी निदान एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला हवा. आईकडचे असोत की वडिलांकडचे, फरक पडत नाही. चॅनल बेटं आणि आइल ऑफ मॅन इथला जन्मही चालतो. आजचं आयर्लंड त्या वेळी ब्रिटनचाच भाग होतं, म्हणून तिथे ३१ मार्च १९२२ च्या आधी जन्मलेले आजी-आजोबाही चालतात. आणखी एक गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजावर किंवा विमानात झालेला जन्मसुद्धा धरला जातो. म्हणजे मुंबईहून निघालेल्या बोटीवर भर समुद्रात जन्मलेली आजीदेखील (बोट ब्रिटिश असेल तर) उपयोगी पडू शकते!

भारत यात कसा बसतो? १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची वाट आपल्याला मोकळी झाली. म्हणून भारतीय पासपोर्टवर हा अर्ज करता येतो.

व्हिसा मिळाला तर पाच वर्षं राहता येतं आणि कोणतंही काम करता येतं. नोकरी, धंदा, शिक्षण, सगळं चालतं. स्पॉन्सर करणारी कंपनी लागत नाही, पगाराची अट नाही. याची किंमत कळायला दुसरी बाजू बघा. कंपनीमार्फत मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड केला गेला. नुकत्याच पास झालेल्या पोराला एवढा पगार देणारी कंपनी शोधणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको.

हा नियम आला कुठून?

'आजी-आजोबा' ही कल्पना कायद्यात शिरली ती मायेपोटी नाही. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले गुजराती, पंजाबी, गोवेकर असे हजारो भारतीय वंशाचे लोक ब्रिटिश पासपोर्ट राखून होते. १९६७ च्या सुमारास केनियाने नोकरी-धंद्यावर निर्बंध आणले, तेव्हा हे लोक आपल्या पासपोर्टच्या भरवशावर ब्रिटनला निघाले. ब्रिटिश सरकारने घाईघाईने कायदा आणला आणि काही दिवसांत तो पास करून घेतला. १ मार्च १९६८ ला तो लागूही झाला. त्यात म्हटलं होतं की अशा पासपोर्टधारकाला विनाअडथळा यायचं असेल तर तो स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणाचा तरी ब्रिटनशी जन्माने वा नागरिकत्वाच्या नोंदणीने संबंध हवा.

कायद्यात 'गोरा' किंवा 'काळा' हा शब्द कुठेच नव्हता. पण नैरोबीतल्या दुकानदाराचा आजोबा लंडनमध्ये कसा जन्मणार? तो जन्मलेला राजकोटला नाही तर म्हापशाला. उलट केनियात मळे असलेल्या इंग्रजाचा आजोबा हमखास तिकडचा. एका साध्या अटीने गाळणी लावली गेली. पुढे १९७३ मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगाने या लोकांच्या बाबतीत झालेला वांशिक भेदभाव मानहानिकारक असल्याचा निष्कर्ष काढला.

दुसरा अंक १९७२ चा. १ जानेवारी १९७३ पासून ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात जाणार होतं. म्हणजे इटालियन, जर्मन माणूस कामाला मोकळा येणार, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडातला 'आपला' माणूस मात्र रांगेत! यावरून सत्ताधारी पक्षातलेच खासदार बिथरले आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये सरकारचे नवे नियम संसदेत पडले. मग सुधारून आणलेल्या नियमांत आजी-आजोबांच्या जन्मावरून राष्ट्रकुल नागरिकांना प्रवेश देण्याची सोय झाली. आजचा व्हिसा तिचाच वारस आहे.

वंश नव्हे, जन्मस्थान

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते उघड आहे. पण कायदा शब्दांवर चालतो, आणि शब्द आहे 'जन्म'. इथेच आपल्याकडच्या बऱ्याच समजुती उलट्या पडतात. दोन उदाहरणं घेऊ.

समजा, एका अँग्लो-इंडियन मित्राचे पणजोबा स्कॉटलंडहून येऊन रेल्वेत ड्रायव्हर झाले. आजोबा भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जन्मले. आडनाव स्कॉटिश, घरात इंग्रजी, भिंतीवर पणजोबांचा फोटो. तरी तिकडच्या बाजूने त्याला हा व्हिसा मिळणार नाही. कारण ब्रिटनमध्ये जन्म झाला पणजोबांचा, आणि नियम आजोबांपाशी थांबतो. आपल्या घटनेतली 'अँग्लो-इंडियन'ची व्याख्या पुरुषाकडच्या युरोपीय वंशावर आधारलेली आहे. या व्हिसाला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

आता दुसरं. समजा, एका मैत्रिणीचे पणजोबा १९३० च्या दशकात डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला सहकुटुंब राहिले. आजी तिथे जन्मली आणि दोन वर्षांची असताना पुण्याला आली. पुढचं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं. घरात त्या जन्माचा उल्लेख फक्त गमतीने व्हायचा, 'आमची आई विलायती!' पण या मैत्रिणीला अर्ज करता येतो. कारण कायदेशीर तथ्य एवढंच आहे: आजीचा जन्म, ठिकाण एडिंबरो.

कायदेशीर दत्तक नातंही धरतात. सावत्र आजी-आजोबा मात्र चालत नाहीत. आणि आईवडिलांचं लग्न झालेलं होतं की नाही, यावर आता हक्क अडत नाही.

कागदांची सिरीज सर्किट

नातं खरं असणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये शिकलोय ना, सिरीज सर्किटमध्ये एक जोड तुटला की करंट शून्य! इथे तसंच आहे. तीन जोड लागतात.

१. तुमचा जन्मदाखला, ज्यात आई किंवा वडिलांचं नाव आहे.
२. त्या आईचा वा वडिलांचा जन्मदाखला, ज्यात आजी किंवा आजोबांचं नाव आहे.
३. आजी किंवा आजोबांचा ब्रिटनमधला जन्मदाखला.

सोबत आईवडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या लग्नाचे दाखले. कारण लग्नानंतर नावं बदलतात.

गंमत म्हणजे तिसरा, सगळ्यात जुना कागद मिळवणं बहुधा सगळ्यात सोपं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसकडे (स्कॉटलंडसाठी तिथल्या वेगळ्या कार्यालयाकडे) फी भरून अधिकृत प्रत घरबसल्या मागवता येते. फक्त प्रत 'फुल' मागायची. 'शॉर्ट' दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात, तो इथे कुचकामी.

खरी घोडी अडतात ती आपल्याकडच्या दोन जोडांत. आईवडिलांच्या पिढीचे जन्मदाखले काढून बघा. बऱ्याच ठिकाणी बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झाली. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून टाकली, ती पुढे सगळ्या कागदांवर चालत आली, आणि नगरपालिकेच्या रजिस्टरात निघाली नोव्हेंबरची!

त्याहून अवघड भाग म्हणजे आपली नावं. एडिंबरोच्या दाखल्यावर आजी 'सुशीला', वडील देशपांडे. लग्नात सासरी नाव ठेवलं 'मालती', मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव जोशी. नावाचे तिन्ही भाग बदलले! आईच्या जन्मनोंदीत तिची आई म्हणून 'मालती' आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याला सुशीला आणि मालती ही एकच बाई, हे कसं कळावं? त्या पिढीत लग्नाची सरकारी नोंद क्वचितच व्हायची. अशा वेळी दोन्ही नावं एकत्र आणणारा कागद शोधावा लागतो: गॅझेटमधली नावबदलाची नोंद, जुना पासपोर्ट, मालमत्तेचे दस्त, पेन्शनचे कागद. हल्ली केलेल्या अ‍ॅफिडेव्हिटपेक्षा त्या काळातच तयार झालेल्या कागदाला जास्त वजन असतं.

ख्रिस्ती कुटुंबांना आणखी एक वाट आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि लग्नांच्या कित्येक नोंदींच्या प्रती कंपनीच्या काळापासून लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. मधल्या पिढीचा कागद इथे सापडला नाही, तर तिथे शोधता येतो.

अर्ज करताना

पहिला अर्ज ब्रिटनच्या बाहेर राहूनच, ऑनलाइन करायचा. व्हिजिटर म्हणून जाऊन तिथे बदलून घेऊ, असं चालत नाही. मग व्हिसा सेंटरवर बोटांचे ठसे आणि फोटो. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून टीबीच्या तपासणीचा दाखला लागतो.

काम करण्याची क्षमता आणि इच्छा दाखवावी लागते. ऑफर लेटर असलंच पाहिजे असं नाही. बायोडेटा, कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार, धंद्याचा आराखडा यांनीही भागतं. सरकारी मदतीशिवाय आपलं आणि सोबतच्यांचं पोट भरू शकतो, हे बँक स्टेटमेंटने दाखवायचं.

आणि खर्च! अर्जाच्या फीपेक्षा मोठा आकडा आरोग्य अधिभाराचा आहे. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड झाला. पाच वर्षांचा आगाऊ भरायचा म्हणजे ५,१७५ पौंड. म्हणून आधी तिन्ही जोड हातात घ्यायचे आणि मगच पैसे भरायचे. 'कागद नसले तरी करून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर चहा पिऊन उठावं. खोटा दाखला पकडला गेला तर हा अर्ज तर जातोच, पुढच्या अर्जांवरही कित्येक वर्षं बंदी येते.

पाच वर्षांनंतर मुदत वाढवता येते किंवा कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, अशी या मार्गाची रचना राहिली आहे. मात्र मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने कायम वास्तव्यासाठीची सर्वसाधारण मुदत दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे अर्जाच्या दिवशीचे नियम स्वतः वाचल्याशिवाय पुढचे हिशेब करू नयेत.

व्हिसा आणि नागरिकत्व, गल्लत नको

गोव्याच्या मित्रांना हे सगळं ओळखीचं वाटेल, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानत आला. त्या आधारावर पिढी दर पिढी नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला जातो. आयर्लंडमध्येही, आजी किंवा आजोबा तिथे जन्मले असतील तर नोंदणी करून नागरिकत्व मिळतं. हे व्हिसा नाहीत, हे नागरिकत्व आहे. आणि आपल्या १९५५ च्या कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे स्वखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मतदान गेलं, पासपोर्ट परत करायचा. अ‍ॅन्सेस्ट्री व्हिसाने असं काही होत नाही. भारतीय पासपोर्ट खिशात ठेवूनच पाच वर्षं जाता येतं. सही करण्याआधी हा फरक डोक्यात पक्का हवा.

इंग्रजांना नावं ठेवताना एक लक्षात असू द्या. आपला ओसीआय कार्डाचा नियमही पूर्वजांवरच उभा आहे, आणि तो तर पणजोबांपर्यंत जातो. न्यू जर्सीत जन्मलेला आपला मावसभाऊ त्याच जोरावर इकडे व्हिसाशिवाय येतो. तेव्हा कुणाची कुठली पिढी मोजायची, हे प्रत्येक देश आपल्या सोयीने ठरवतो. त्या सोयीत कोण आत आलं आणि कोण बाहेर राहिलं, हे बघायची सवय मात्र आपण ठेवावी.

तेव्हा मित्रांनो, या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की आजीजवळ बसा. तिचं माहेरचं पूर्ण नाव काय, जन्म कुठल्या गावी, लग्नाआधीचा एखादा कागद ट्रंकेत आहे का, हे विचारून वहीत लिहून ठेवा. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना त्यातून व्हिसा मिळणार नाही. पण वारसाहक्क, जातीचा दाखला, जमिनीचा सातबारा, यांपैकी कशासाठी तरी हेच प्रश्न एक दिवस येणार आहेत, आणि तेव्हा उत्तर देणारं माणूस घरात असेलच असं नाही.